वगळून पाहा

प्रणिता शिरगुप्पेच्या तीन मोहिमा आजवर फसल्या होत्या आणि तिन्ही वेळा शत्रू एकच होता. रविवार.

प्रणिता सांगलीतल्या एका शाळेत भूगोल शिकवायची. तिच्या मोहिमा मात्र टेबलावरच्या होत्या. चार-पाच जणांनी एकत्र बसायचं, एकाने सूत्रधार व्हायचं आणि बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. सूत्रधार सांगणार, "समोर दरी आहे, पूल तुटलेला आहे." खेळाडू सांगणार आपण काय करतो ते. ते जमलं की फसलं, याचा निकाल वीस बाजूंचा फासा देणार. यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. गोष्ट पुढे जात राहते. आणि गोष्ट मोठी असेल तर ती पुरी व्हायला वर्षं लागतात.

वर्षं द्यायला कुणी तयार नव्हतं. पहिल्या मोहिमेतल्या योद्ध्याची बदली झाली. दुसरीतल्या दोघांचं एकमेकांशी लग्न ठरलं आणि त्यांना रविवारी दुसरी कामं सुचू लागली. तिसरी तर "या रविवारी जरा जमत नाहीये" या निरोपांतच विरून गेली. खरं तर एव्हाना एकट्याने खेळायची उत्तम सोय झाली होती. कानात बोलणारा यंत्रकथाकार हवं तेव्हा, हवी तशी गोष्ट रचून द्यायचा. प्रणिताने तोही खेळून पाहिला होता. सगळं तिच्या मनासारखं घडायचं, आणि म्हणूनच दोन आठवड्यांत ती कंटाळली.

तिला माणसं हवी होती. शिवाय तिच्याजवळ एक अख्खा देश तयार होता. सात वर्षं सुट्ट्यांमध्ये बसून तिने तो उभा केला होता. त्यात उफराटी नावाची नदी होती. सहा महिने ती समुद्राकडे वाहायची आणि सहा महिने उलटी, डोंगराकडे. नदीपलीकडे कनकवाड नावाचं ओस पडलेलं नगर होतं. त्याच्या गल्ल्यांची नावंसुद्धा ठरलेली होती.

"या वेळी माणसं नीट निवड," रेणुका घोरपडे म्हणाली. रेणुका तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. कोल्हापूरच्या एका संशोधन संस्थेत होती. "तू उत्साही माणसं गोळा करतेस. उत्साह आणि टिकाव वेगळे असतात गं. मी मोजून देते तुला."

"काय मोजणार? खेळायची हौस?"

"ताल," रेणुका म्हणाली.

रेणुकाचं यंत्र दिसायला पोळपाटाएवढं होतं, मधोमध ठेवायची एक काळी तबकडी. तिच्यामागचं विज्ञान रेणुका कुणालाही पाच मिनिटांत समजावून द्यायची. दोन माणसं गप्पा मारतात तेव्हा एकाचं वाक्य संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांत पापणी लवण्याइतकाही वेळ जात नाही. म्हणजे दुसरा माणूस पहिल्याचं बोलणं संपायची वाट बघत नाही. ते कधी संपेल याचा अंदाज त्याच्या मेंदूने आधीच बांधलेला असतो. गप्पा रंगल्या की हा अंदाज इतका चपखल बसतो, की श्वासांच्या आणि नाडीच्या लयीही एकमेकांकडे सरकू लागतात. एकाच फळीवर टांगलेली लंबकाची दोन घड्याळं जशी हळूहळू लय जुळवतात, तसंच. तबकडी हे सगळं न शिवता टिपायची, आवाज मायक्रोफोनने आणि श्वास-नाडी रडारने.

इथवर पुष्कळांना माहीत होतं. रेणुकाच्या गटाने शोधली ती पुढची गोष्ट. ज्यांचा ताल सुरेख जुळतो ते गट टिकतातच असं नाही. ताल सगळ्यांचाच तुटतो: भांडण होतं, विनोद फसतो, कुणी उगाच गप्प बसतं. तुटल्यावर तो किती लवकर आणि कुणामुळे परत येतो, यावरून तो गट वर्षभराने एकत्र असेल की नाही हे बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. कंपन्या आता त्यावरून माणसं एकत्र बसवत होत्या. लग्न जुळवणारी मंडळी पत्रिकेनंतर ताल बघू लागली होती. यंत्रात एक बटणही होतं, 'वगळून पाहा'. एखाद्या माणसाचं नाव निवडून ते दाबलं, की तो नसता तर बाकीच्यांचं काय झालं असतं याचा हिशेब यंत्र मांडायचं.

"मग लाव," प्रणिता म्हणाली. "या खेपेला मला मोहीम अर्ध्यात सोडायची नाहीये."

माणसं जमली ती अशी. इम्तियाज बागवान, जनावरांचा डॉक्टर आणि प्रणिताचा जुना मित्र. त्याच्याच दवाखान्याच्या वरची खोली खेळायला ठरली. मगदूमबाई, प्रणिता शाळेत शिकत असतानाच्या तिच्या व्हॉलीबॉलच्या प्रशिक्षक, आता निवृत्त. त्या रस्त्यात भेटल्या, काय चाललंय विचारलं आणि न बोलावताच आल्या. श्रीधर उपळावीकर, हळदीच्या बाजारात मालाची प्रत ठरवणारा तिशीतला मुलगा. प्रणिताने दिलेली जाहिरात वाचून आला होता आणि नाव सांगण्यापलीकडे फारसा बोलला नव्हता. चौथी रेणुका स्वतः.

पहिल्या रविवारी खेळ नव्हता, फक्त ठराव होता. किती वर्षं खेळायचं, न येणाऱ्याने कधी कळवायचं, गोष्टीत काय चालेल आणि काय चालणार नाही.

"जनावर मारायचं नाही," इम्तियाज म्हणाला.

"अरे, पण राक्षसी लांडगे असतात," प्रणिता म्हणाली.

"असू देत. मी त्यांना टोचून झोपवीन."

"मला चोर व्हायचंय," मगदूमबाई म्हणाल्या. "पस्तीस वर्षं शिस्त लावली लोकांना. आता पुरे."

त्यांच्या चोराचं नाव बिजली ठरलं. इम्तियाजचा सरदार खंजीरखान, रेणुकाची धनुर्धारी तीरा. श्रीधरने जादूगार घेतला आणि त्याचं नाव मौनी ठेवलं, तेव्हा सगळे हसले; तोही हसला.

पुढचे तीन रविवार टेबलाच्या मध्यावर तबकडी होती आणि भोवती भडंगाच्या वाट्या. खालून शेळ्यांचं ओरडणं ऐकू यायचं. प्रणिता नदीचं वर्णन वाचून दाखवायची आणि तिचा आवाज भरून यायचा. बाईंनी नावाड्याची होडी चोरायचं ठरवलं, तेव्हा तिने घाईघाईने सांगितलं, की उफराटीवर होड्या चालत नाहीत, पूल दोन दिवसांच्या वाटेवर आहे. इम्तियाजला दर तासाला फोन यायचा आणि तो जिना उतरून जायचा. श्रीधर कधी काही बोलायला तोंड उघडायचा, तेवढ्यात प्रणिता पुढचं पान उलटायची. एकंदरीत तिला वाटलं, छान चाललंय.

चौथ्या आठवड्यात रेणुका एकटीच तिच्या घरी आली. चहा होईपर्यंत ती हवापाण्याचं बोलत बसली, तेव्हाच प्रणिताला शंका आली.

"यंत्राचा आकडा सांग," ती म्हणाली.

"चांगला नाहीये. असंच चाललं तर दिवाळीच्या आत मोहीम बंद पडेल."

"इम्तियाजमुळे ना? त्याचे ते फोन! मला वाटलंच होतं."

"इम्तियाजला वगळून पाहिलं. आकडा आणखी घसरतो. तो उठून जातो आणि परत येताना काहीतरी सांगत येतो, त्यावर सगळे हसतात. तुमचा ताल बऱ्याचदा त्याच्यामुळेच परत येतो."

"मग श्रीधर? तो बोलतच नाही."

"श्रीधरला वगळून काही फरक पडत नाही. बाईंना वगळलं तर खेळच उरत नाही." रेणुकाने कप खाली ठेवला. "एकालाच वगळलं की आकडा वर जातो, प्रणिता. खूप वर."

"तू?" प्रणिताने विचारलं. रेणुकाने होकाराची मान हलवली नाही, तेव्हा तिला कळलं, ती एक आपणच.

रेणुकाने तिला आलेख दाखवले. त्यात चार रंगीत रेषा एकमेकींभोवती वळत होत्या, जवळ येत होत्या, आणि दर वेळी प्रणिता बोलायला लागली की चारही सपाट होत होत्या. ती वाचायला लागली की चौघांचे श्वास आपापल्या वाटेने जात होते. कुणी नवीन काही सुचवलं की रेषा उसळत होत्या आणि तिच्या उत्तरानंतर पुन्हा खाली बसत होत्या.

"वर्गातली पोरंसुद्धा अशीच होतात," प्रणिता म्हणाली आणि हसायचा प्रयत्न केला. "तास संपायची वाट बघत असतात."

"मी हे तुला सांगायला नको होतं का?"

"सांगितलंस ते बरं केलंस." ती उठली आणि कपाटातून उफराटीच्या देशाचे सगळे नकाशे काढून रेणुकापुढे ठेवले. "तू हो सूत्रधार. माझ्यामुळे मोडणार असेल तर मी नाही येत. मोहीम व्हायला पाहिजे."

"अगं, पण..."

"घे गं. मनापासून देतेय."

ते खरं होतं, आणि रेणुका गेल्यावर प्रणिता पाऊण तास स्वयंपाकघरात एकच ओटा पुसत उभी होती, हेही खरं होतं.

त्या रविवारी चौघं तिच्याशिवाय खेळली. सोमवारी शाळा सुटायच्या वेळेला फाटकाशी मगदूमबाई उभ्या होत्या. पांढरे बूट, कमरेवर हात, अगदी पूर्वीसारख्या.

"काल का आली नाहीस?"

"रेणुकाने सांगितलं असेल ना, बाई."

"सांगितलं. ऐकून घेतलं. चल, चालत चालत बोलू."

त्या भराभर चालत होत्या. प्रणिता पर्स सावरत मागे.

"कालचा खेळ चांगला झाला," बाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? रेणुकाने मला होडी चोरू दिली. इम्तियाजने लांडग्याला जंताचं औषध पाजलं. आम्ही पोट धरून हसलो. तिचं यंत्र होतंच मध्ये. आकडा म्हणे फार सुरेख आला."

"मग झालं तर."

"झालं कसं? हसायला मी रोज सकाळी बागेतल्या हास्यक्लबात जाते. तिथंही आमचं छान जमतं. तिथल्या आकड्याने तर ते यंत्र फुटेल. मी तुझ्याकडे त्यासाठी नव्हते आले. तू पहिल्या दिवशी सांगितलंस, नदी उलटी का फिरते हे त्या देशात कुणालाच ठाऊक नाही. मला ते शोधायचं होतं. काल रेणुकाला विचारलं, तर ती म्हणाली, काय पाहिजे ते कारण ठरवू. असं कसं? ते कुणाला तरी मनापासून लागून राहिलेलं पाहिजे की नाही? तेव्हा तर मजा."

प्रणिताने पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"आता दुसरं ऐक," बाईंनी तिला थांबवलं. "यंत्राने तुझ्याबद्दल सांगितलं ते शंभर टक्के बरोबर आहे. तू आम्हाला खेळूच देत नाहीस. जिकडे वळू तिकडे तुझं पान आडवं. तू शाळेच्या संघात असताना काय करायचीस, आठवतं? प्रत्येक चेंडू स्वतः घ्यायला धावायचीस. दुसरीच्या हातातला सुद्धा. मी तुला संघातून काढलं होतं का?"

"नाही."

"मग काय केलं होतं?"

"ओरडला होतात, बाई. खूप."

"मग आत्ताही तेच करतेय. रविवारी ये. आणि चेंडू सोड."

पुढच्या रविवारी प्रणिता आली. रेणुकाने नकाशे तिच्यापुढे ठेवले आणि तबकडी पिशवीतून काढलीच नाही. "आज नको," ती एवढंच म्हणाली. "मोजायला लागलं की मी खेळायची थांबते."

प्रणिताने नकाशे न उघडता बाजूला सारले. घसा खाकरला. "तुम्ही होडी चोरलीत. पलीकडच्या काठाला लागलात. आता..." पुढचं वाक्य तिला पाठ होतं. पलीकडे कनकवाडचे कोसळलेले बुरूज होते, सकाळच्या उन्हात चमकणारे. तिने ते वाक्य गिळलं. "पलीकडे काय आहे, ते तुम्ही सांगा."

इम्तियाजने भडंग तोंडात टाकलं. रेणुका छताकडे बघत होती. खाली एक शेळी दोनदा ओरडली. प्रणिताला वाटलं, आपली मोठी चूक झाली. हे असं नसतं करायचं. बोलावं आता बुरुजांबद्दल.

"माझी बहीण आहे," श्रीधर म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं. तो कानापर्यंत लाल झाला होता, पण थांबला नाही. "मौनीची बहीण. म्हणजे... नदी फिरली त्या दिवशी ती होडीत होती. तेव्हा मौनी लहान होता. होडी उलटी गेली आणि ती परत आलीच नाही. तेव्हापासून तो बोलत नाही. त्याला वाटतं, ती पलीकडे कुठेतरी दुकान चालवत असेल. मिठाईचं. तिथं गाव आहे. मोठा बाजार भरतो."

कनकवाडच्या जागी बाजार. सात वर्षांचे बुरूज, गल्ल्या, विहिरी, राजवाड्याच्या पायऱ्या. प्रणिताला आत कुठेतरी खरोखरचं दुखलं. दात काढल्यावर जीभ जशी त्या जागी जात राहते, तसं तिचं मन बुरुजांकडे जात होतं. श्रीधर तिच्याकडे बघत होता. त्याला परवानगी हवी होती.

"बाजारात कसला वास येतोय?" तिने विचारलं.

"हळदीचा," श्रीधर लगेच म्हणाला. "ओल्या हळदीचा."

"काठावर माणसं किती आहेत?" बाईंनी विचारलं. "खिसे आहेत का त्यांना?"

आणि मग खेळ जो सुटला, तो प्रणिताच्या हातात राहिलाच नाही. बिजलीने एका व्यापाऱ्याची थैली मारायचं ठरवलं. फाशावर एक पडला, म्हणजे याहून वाईट काही पडूच शकत नाही. ती थेट कोतवालाच्या अंगावर जाऊन आदळली. खंजीरखान मध्यस्थी करायला उठला आणि नेमका तेव्हाच इम्तियाजचा फोन वाजला. कवलापुरात गाय अडली होती.

"जा तू," प्रणिता म्हणाली. आधी तिच्या कपाळावर आठी पडली असती. आता तिला काहीतरी सुचलं. "पण तू जातोयस तेवढ्यात नदीची दिशा फिरतेय. खंजीरखान होडीत एकटाच आहे. होडी सुटली. निघाली डोंगराकडे."

"अगं, मला विचार तरी!" इम्तियाज जिन्यातून ओरडला.

"गाय बघ आधी!" बाई म्हणाल्या.

दीड तासाने तो घामाघूम परत आला. "कालवड झाली," त्याने दारातूनच सांगितलं, "आणि मी कुठं आहे?" तोवर बाकीच्यांनी त्याच्या सुटकेसाठी बाजारातल्या एका मिठाईवालीची दोन खेचरं उधार घेतली होती आणि बिजली तुरुंगातून पळून आली होती. त्याला हे सांगताना तिघंही एकदम बोलत होती. प्रणिता खुर्चीत मागे टेकून ऐकत होती. तिला आलेख दिसत नव्हता. बघावासाही वाटला नाही.

रेणुकाला मात्र ते प्रकरण सोडून देता येईना. संस्थेत परत गेल्यावर तिने राज्यभरातल्या यंत्रांच्या नोंदी काढून पाहिल्या. इतर सोयी लोक अधूनमधून वापरत होते. 'वगळून पाहा' मात्र जवळजवळ प्रत्येकाने दाबलं होतं. एका भजनी मंडळाने आपला म्हातारा टाळकरी कमी केला होता. एका सोसायटीच्या समितीने एकेकाला वगळत वगळत शेवटी फक्त अध्यक्ष उरवला होता, आणि त्याचा स्वतःशी ताल उत्तम जुळत होता. माणूस जसा आज आहे तसाच उद्या राहील असं यंत्र धरून चालायचं, आणि लोकांनाही ते सोयीचं होतं.

बटण काढून टाकायची तिची सूचना संस्थेने मानली नाही. त्यावर तिने वर्षभर भांडण केलं. अखेर बटण राहिलं, पण त्याच्या आधी आणखी एक आलं: 'बदलून पाहा'. कोण कुठे थोडा थांबला, कुणी कुणाला पुढे बोलू दिलं, तर काय होईल हे ते दाखवायचं. आणि ते दाबल्याशिवाय दुसरं बटण उघडत नव्हतं. पुष्कळ लोक वैतागले. टाळकऱ्याला मंडळाने परत बोलावलं असं रेणुकाच्या कानावर आलं. त्याने म्हणे आठवडाभर भाव खाल्ला आणि मग गेला.

मोहीम तिसऱ्या वर्षात गेली. चौघांनी मिळून उफराटीवर होड्यांची ये-जा सुरू केली होती आणि डोंगरातल्या राणीशी त्यांचा जकातीवरून तंटा चालला होता. बिजली बाजारगावची सरपंच झाली होती. निवडणूक तिने चोरली होती, पण कारभार चोख होता. मौनीची बहीण सापडली, रागावली, पुन्हा निघून गेली आणि तिच्या दुकानाची गादी आता खंजीरखान सांभाळत होता. नदी उलटी का फिरते हे अजून कुणाला कळलं नव्हतं. प्रणिताने तीन वेळा कारण बदललं होतं, कारण खेळाडूंचे अंदाज तिच्या कारणापेक्षा सरस निघत होते.

एका रविवारी श्रीधर टेबलापाशी येऊन उभा राहिला. हल्ली त्याला गप्प करायला बाईंना शिट्टी आणावी लागायची. आज मात्र तो चाचरत होता.

"ताई, एक विचारू? पुढचे दोन रविवार... तुम्ही खेळा. मी सूत्रधार होतो. डोंगरातला एक भाग रचलाय मी. फार मोठा नाही."

प्रणिताने हातातले कागद खाली ठेवले. एवढ्या वर्षांत तिने शेकडो माणसं, राण्या, नावाडी, भुतं उभी केली होती. स्वतःसाठी एकही पात्र घेतलं नव्हतं.

"मला जमेल का रे?"

"बसा हो," श्रीधर म्हणाला आणि तिच्या खुर्चीवर जाऊन बसला.

प्रणिता पलीकडे, बाई आणि इम्तियाजच्या मध्ये बसली. तिने नकाशा काढणारी एक म्हातारी बाई घेतली, अर्धवट आंधळी आणि अत्यंत भांडकुदळ. रेणुकाने तिच्यापुढे वीस बाजूंचा फासा सरकवला. इम्तियाजने वाटी.

श्रीधरने आवाज खाली आणला. "डोंगराच्या पोटात वाट संपते. समोर एक दार आहे. लोखंडी. आतून पाण्याचा आवाज येतोय. तुम्ही काय करता?"

प्रणिता दाराकडे बघत राहिली. दार नव्हतंच, समोर भिंत होती आणि जनावरांच्या लसीकरणाचं कॅलेंडर. दारामागे काय आहे हे तिला माहीत नव्हतं. तिला खरंच माहीत नव्हतं.

"ठोठावते," ती म्हणाली.

"अगं ठोठावायचं नसतं!" मगदूमबाई किंचाळल्या. "आधी कान लावायचा, मग कुलूप बघायचं, मग..."

"ठोठावलं त्यांनी," श्रीधर म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "फासा टाका, ताई."